उत्तरेश्वरनं न घेतलेला चहा

पियानो सुरात लावणारा उत्तरेश्वर आपली हत्यारं विकणार, ही काळजी काल संध्याकाळपासून दीपमालाच्या डोक्यात ठाण मांडून बसली होती. अवनीला पियानो शिकवणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम फोनवर सहज बोलून गेल्या होत्या, "उत्तरेश्वर विचारत होता, ट्यूनिंगची सगळी पिशवी कोणाला हवी आहे का. खराडीला एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीचं काम मिळतंय म्हणे." दीपमाला "अच्छा" म्हणाली. मग कणीक मळताना, कपडे वाळत घालताना, शनिवारची भाजी निवडताना तिला तेच दिसत राहिलं. पन्नाशी उलटलेला माणूस, तीस वर्षं तारांना कान लावून बसलेला, आता गेटवर बसून वहीत गाड्यांचे नंबर लिहिणार. आणि ते आपल्यामुळं.

आपल्यामुळं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

उत्तरेश्वर करमाळ्याकडचा. त्याचे वडील बैलांचे पारखी होते. बार्शीच्या बाजारात लोक त्यांना शंभर शंभर मैलांवरून बोलावून न्यायचे, असं तो सांगायचा. बैलाचे दात बघायचे, खूर बघायचे, चार पावलं चालवून बघायचं. उत्तरेश्वरला बैलांत रस नव्हता, शाळेत त्याहून नव्हता. अठराव्या वर्षी तो पुण्याला आला आणि कॅम्पातल्या एका वाद्यांच्या दुकानात हमाल म्हणून लागला. चौघांनी खांद्याला पट्टे लावून पियानो तिसऱ्या मजल्यावर चढवायचा आणि उतरताना जिना खरवडला म्हणून मालकिणीचं बोलणं खायचं, हे त्याचं काम. दुकानात पियानो लावणाऱ्या डिकॉस्टा मास्तरांना वयामुळं दिसेनासं झालं होतं. पियानोच्या पोटात बॅटरीचा उजेड धरायला त्यांना कोणीतरी लागायचं. उत्तरेश्वरनं चार वर्षं बॅटरी धरली. एक दिवस मास्तर म्हणाले, डोळे मीट आणि कुठली तार भांडतेय ते सांग. त्यानं सांगितली. मास्तर गोव्याला परत गेले तेव्हा ट्यूनिंगची किल्ली त्याच्या हातात ठेवून गेले.

वाजवता त्याला अजिबात यायचं नाही. मुलं मागं लागायची, काका, काहीतरी वाजवा ना. तो एक पट्टी दाबायचा, मग तिचाच वरचा सूर, दोन्ही एकदम, आणि म्हणायचा, "एवढंच येतं मला. पण हे बरोबर येतं."

अशा माणसाला दीपमालानं लबाड ठरवलं होतं. दीडशे लोकांच्या ग्रुपवर, मराठीत, विरामचिन्हांसकट.

अवनी बारा वर्षांची. तीन वर्षं कीबोर्डवर शिकत होती. प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या, कीबोर्डच्या पट्ट्या हलक्या, बोटांत जोर येत नाही, आता खरा पियानो हवा. नवा परवडणारा नव्हता. "जुना घ्या," मॅडम म्हणाल्या, "पण उत्तरेश्वरला घेतल्याशिवाय बघायलासुद्धा जाऊ नका. जुना पियानो वरून सगळ्यांचाच छान असतो."

दोन महिने दर रविवारी दीपमाला, तिचा नवरा आमोद आणि उत्तरेश्वर कोथरूडहून गाडी काढून पियानो बघत फिरले. पहिल्याच दिवशी गाडीत तिला आईचा फोन आला. आईशी बोलताना तिची भाषा कधी घसरली ते तिलाच कळलं नाही. फोन ठेवल्यावर मागच्या सीटवरून उत्तरेश्वरनं विचारलं, "ताई, बार्शीच्या का तुम्ही?"

"माहेर तिकडचं," ती म्हणाली. "पण मी लहानपणापासून इथंच." हे खोटं होतं. ती कॉलेजला पुण्यात आली होती, आणि पहिल्या वर्षी वर्गात तिच्या बोलण्याला मुली हसल्या तेव्हापासून तिनं ती भाषा अशी पुसली होती, की माहेर बार्शीकडचं असूनही सासरी सगळे तिला पुण्यातच वाढलेली समजत. उत्तरेश्वरनं नुसती मान डोलावली. पण त्या दिवसापासून तिच्याशी बोलताना तो जरा मोकळा झाला, एवढं खरं.

त्याची बघायची पद्धत ठरलेली होती. आधी वाजवायचा नाही. खालची फळी काढून आत डोकं घालायचा आणि वास घ्यायचा. कॅम्पातल्या एका फ्लॅटमध्ये वास घेऊनच परत उभा राहिला. उंदरांनी आतलं फेल्टचं कापड कुरतडून घर केलं होतं. औंधमध्ये पियानोवर कुंड्या ठेवलेल्या होत्या आणि मालकीण प्रेमानं त्यांना पाणी घालत होती. घरात मात्र तो एक शब्द बोलायचा नाही. सगळं बघून झालं की "बरं, निघू" एवढंच. काय ते गेटबाहेर आल्यावर सांगायचा. आमोदला याचा वैताग यायचा. "अहो, तिथंच सांगा ना, म्हणजे भाव तरी पाडता येईल," तो म्हणायचा. उत्तरेश्वर मान हलवायचा आणि पुढच्या घरी तसंच करायचा.

वानवडीला एका निवृत्त नर्सबाईंकडचा पियानो त्याला पसंत पडला. पॉलिश उडालेलं, एका पायाला बांधलेली सुतळी, पण आतून ठणठणीत. त्या दिवशी तो बाईंकडं दोन कप चहा प्यायला, बिस्किटं मागून घेतली आणि गेटवर म्हणाला, "डोळे झाकून घ्या." आमोदनं डोळे उघडे ठेवले. "हॉलमध्ये कसा दिसेल ते बघायला नको? लोक म्हणतील भंगारातून आणला." दीपमालाही गप्प बसली. तिलाही ती सुतळी आवडली नव्हती. पुढं कितीतरी दिवस या गप्प बसण्याचा तिला राग येणार होता, पण ही तर फक्त सुरुवात होती.

येरवड्याच्या पुढं, नदीकडच्या बाजूला, एका जुन्या बंगल्यात दिगंबरकाका भेटले. सत्तरीचे, पांढरा झब्बा, पायांत चप्पल नाही, आणि बोलणं असं, की शुद्धलेखनाच्या चुका काढणाऱ्यानंही पेन खाली ठेवावं. "या, या. आपण आलात, बरं वाटलं. ही आमच्या कैलासवासी सौभाग्यवतींची आठवण. चाळीस वर्षं या खोलीतून हलली नाही. पण आता वाजवणारं कोणी नाही, आणि न वाजणारं वाद्य घरात ठेवू नये असं मला वाटतं." पियानो तांबूस लाकडाचा, आरशासारखा चकचकीत. आमोदचा चेहरा बघूनच दीपमालाला कळलं, की निर्णय झाला.

उत्तरेश्वरनं फळी काढली, वास घेतला, बॅटरी मारली. मग किल्ली काढून तार ताणणाऱ्या एका खिळ्याला लावायला गेला तेव्हा दिगंबरकाका हसून म्हणाले, "तेवढं नको. कालच मुंबईच्या माणसाकडून ट्यून करून घेतलाय. आपल्या हाताला यश असेलच, पण आता परत नको." उत्तरेश्वरनं किल्ली पिशवीत ठेवली. झाकणाच्या कडेला सिगारेटनं भाजल्याचा छोटा डाग होता, त्यावरून बोट फिरवलं. फळी बसवली. दिगंबरकाकांनी चहा आणला, चांदीच्या ट्रेमध्ये, सगळ्यांना स्वतःच्या हातानं दिला. उत्तरेश्वरनं कप हातात घेतला आणि तसाच टीपॉयवर ठेवला.

"घ्या ना," दीपमाला म्हणाली. तिला त्याची लाज वाटली.

"मी गेटवर थांबतो," तो म्हणाला आणि गेला.

त्यानंतर दहा मिनिटांत सगळं झालं. दिगंबरकाकांनी सांगितलं, पाच वाजता खराडीचं एक जोडपं येणार आहे, आयटीतलं, ते भावसुद्धा करणार नाहीत. पण मला तुमच्या मुलीच्या हातात द्यायला आवडेल. आमोदनं फोन काढून तिथल्या तिथं आगाऊ रक्कम पाठवली.

गेटवर उत्तरेश्वर आपल्या स्कूटरला टेकून उभा होता. "नका घेऊ," तो म्हणाला. "तारा ज्या खिळ्यांना बांधल्यात, ते खिळे ज्या फळीत असतात ती फळी आतून फुटलीय. खिळे धरत नाहीत. वरून काहीतरी भरून बसवलेत, महिनाभर टिकंल. आणि हा पियानो चाळीस वर्षं इथं न्हाई. सहा वर्षांमागं मी ह्याला दुसऱ्या घरात बघितलाय. तो डाग मला म्हाईत हाय."

"मग आत वाचा बसली होती का?" आमोद म्हणाला. "आत्ता पैसे पाठवले मी."

"मालकाच्या घरात बसून त्याच्या वस्तूला नावं ठेवत न्हाई मी, साहेब. चहाला हात लावला न्हाई. मला वाटलं, तेवढ्यानं कळंल." असं म्हणताना त्यानं आमोदकडं नाही, दीपमालाकडं बघितलं.

"चहावरून आम्ही काय समजायचं?" आमोद हसला. "भविष्य बघता की काय कपात?"

दीपमालाला कळलं होतं. तिथं, त्या गेटवर, त्याच क्षणी. तिचे आजोबा बैल बघायला जायचे तेव्हा सोनबा नावाचा पारखी बरोबर असायचा. लहानपणी ती एकदोनदा गेली होती. सोनबा जनावराला सगळीकडून बघायचा आणि तोंड उघडायचा नाही. मालकानं चहा पुढं केला, सोनबानं घेतला, की आजोबा पुढं होऊन रुमालाखाली हात घालायचे आणि बोटांनी भाव सुरू व्हायचा. सोनबानं चहा बाजूला ठेवला, की आजोबा मालकाला राम राम करून निघायचे. दुसऱ्याचं जनावर त्याच्या तोंडावर वाईट म्हणायचं नाही, एवढी ती साधी माणुसकी होती. दोन महिने उत्तरेश्वर तिच्यासमोर हेच करत होता. कॅम्पात चहा नाही, औंधला चहा नाही. तिला वाटलं, शुगर असेल. वानवडीला साखरेचे दोन कप प्यायला, तरी तिची ट्यूब पेटली नाही. तो तिला बार्शीची समजून, आपल्या भाषेत सांगत होता. आणि ती पुण्याची होऊन बसली होती.

तरीही ती तेव्हा म्हणाली असती, आमोद, पैसे परत माग, तर सगळं तिथंच संपलं असतं. ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर हे सगळं तिला कसं माहीत, हेही सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी तिनं स्वतःच दिगंबरकाकांना फोन केला. पियानोत काही दोष तर नाही ना, असं आडून विचारलं. "ताई, बोलणार नव्हतो," ते म्हणाले. "तुमच्या त्या माणसानं आल्या आल्या मला बागेत गाठलं. माझं काय ते बघा, म्हणाला. मी नाही म्हटलं. तेव्हापासून त्याचं तोंड वाकडं झालं. अहो, या लोकांची पोटं अशीच भरतात." काकांनी हे इतक्या हळुवारपणे सांगितलं, की तिला हायसं वाटलं. हायसं. आता ती आठवण आली, की हातातली भाजीची सुरी तिला खाली ठेवावी लागायची.

बागेत उत्तरेश्वर एकटा कधी होता? एक मिनिटही नाही. त्या रविवारी तो त्यांच्या गाडीमागून स्कूटरवर आला होता, तिघं बरोबरच आत गेले होते. एवढासा हिशेब तिला तेव्हा जमला नाही, कारण करायचा नव्हता. शुद्ध बोलणारा माणूस खोटं बोलत नाही आणि "न्हाई" म्हणणारा पैसे मागतो, हे तिनं कुठं शिकून ठेवलं होतं? कोणी शिकवलं होतं? तिचे आजोबा आयुष्यभर "न्हाई" म्हणत आले होते.

पियानो घरी आला. शेजारी बघून गेले. आणि दीपमालानं पियानो शिकणाऱ्या मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर लिहिलं: "उत्तरेश्वर नावाच्या ट्यूनरपासून सावध राहा. विकणाऱ्याकडं पैसे मागतो आणि मिळाले नाहीत तर चांगल्या वाद्याला नावं ठेवतो. आमचा स्वतःचा अनुभव." अनुभव तिचा नव्हता, दिगंबरकाकांचा होता, आणि तोही घडलेलाच नव्हता. पण "स्वतःचा" लिहिल्यावर वजन येतं. आलं. एकसष्ट उत्तरं आली. "थँक्स फॉर शेअरिंग." "असे लोकच सिस्टीम खराब करतात." "फॉरवर्ड करते."

तीन आठवड्यांत पियानोचे सूर उतरायला लागले. आधी मधले, मग सगळेच. अवनी एक दिवस वाजवता वाजवता थांबली आणि म्हणाली, "आई, हा रडतोय." दिगंबरकाका पहिल्या फोनला म्हणाले, कोथरूडची हवा दमट, खिडकी बंद ठेवा. दुसऱ्या फोनला म्हणाले, मुलीचा हात जड असेल. तिसऱ्यांदा त्यांनी फोन उचलला नाही, आणि चौथ्यांदा तो नंबर अस्तित्वातच नव्हता. आमोद येरवड्याला जाऊन आला. बंगला भाड्यानं घेतलेला होता, तोही दोन महिन्यांपुरता. आधीची आठवण विकून झाल्यावर काका दुसरीकडं, दुसऱ्या कैलासवासी सौभाग्यवतींची आठवण विकायला गेले असणार.

मागच्या बुधवारी मुंबईहून एक ट्यूनर बोलावला. त्यानं आतून पट्ट्या बाहेर काढल्या, खिळ्यांभोवती गुंडाळलेले सँडपेपरचे तुकडे चिमट्यानं ओढून टेबलावर मांडले आणि म्हणाला, "फळी गेलेली आहे. याला काही अर्थ नाही." मग डावीकडची पहिली पट्टी उजेडात धरली. तिच्या कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: उ. मे २०१९. खिळे धरत नाहीत. मालकाला सांगितले.

"कोणीतरी लिहूनच ठेवलंय की," तो म्हणाला. "घेताना कोणाला दाखवला नव्हता का?"

"दाखवला होता," दीपमाला म्हणाली. आमोद खिडकीकडं बघत राहिला.

आणि काल मॅडमचा फोन. पिशवी विकायची आहे, एवढंच त्या म्हणाल्या नव्हत्या. का, तेही त्यांनी सांगितलं होतं. अवनीच्या शाळेत नऊ पियानो आहेत. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत ते सगळे उत्तरेश्वर लावायचा, चौदा वर्षं. त्याचं वर्षाचं मुख्य काम तेच. यंदा शाळेनं त्याला बोलावलं नाही. शाळेत कोणाचा तरी मेसेज पोचला होता. "कोणाचा ते काही मी विचारलं नाही," मॅडम म्हणाल्या. ग्रुपवर त्याही होत्या. सोमवारी शाळा दुसऱ्या कोणाला तरी काम देणार आहे, हेही त्याच बोलण्यात आलं.

सकाळी दीपमालानं ग्रुपवर लिहिलं, की आमची माहिती चुकीची होती, उत्तरेश्वर यांनी आम्हाला योग्य तेच सांगितलं होतं. चार अंगठे आले, एक नमस्कार आला आणि लगेच कोणीतरी विचारलं, ग्रेड थ्रीचं पुस्तक कोणाकडं आहे का. खोट्याला एकसष्ट आणि खऱ्याला पाच. तिनं फोन ओट्यावर आपटला.

"लिहिलंस ना? झालं मग," आमोद लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला. "आता किती दिवस तेच उगाळणार?"

"शाळेत कोण वाचणार ते? मला शाळेत फोन करायचाय."

आता मात्र त्यानं मान उचलली. "आणि काय सांगणार? मी, अवनीची आई, खोटं लिहिलं? अजून चार वर्षं आहे ती तिथं. संगीताच्या बाई उद्या तिला कार्यक्रमात घेतील?"

ही भीती दीपमालालाही होती. काल संध्याकाळपासून तीच भीती तिला फोनपासून लांब ठेवत होती, आणि आमोदच्या तोंडून ऐकल्यावर ती किती हलक्या दर्जाची आहे ते तिला दिसलं.

"नाही घेतलं तर नाही घेतलं," ती म्हणाली. "पोरीनं कार्यक्रमात वाजवावं म्हणून एक माणूस गेटवर बसवायचा का?"

"मी बसवलाय? पैसे मागितले असं ते काका म्हणाले. आपण फसलो. आपणही फसलोच आहोत, दीपा."

"तू फसलास. मी नाही फसले." ती समोर येऊन उभी राहिली. "त्यानं चहा घेतला नाही, तेव्हा तू हसलास. मला कळलं होतं. आमच्याकडं बार्शीला असंच करतात. आजोबांबरोबर लहानपणी बाजारात बघितलंय मी. आणि लहानपणापासून इथली वगैरे काही नाही मी. अठराव्या वर्षी आले. गेटवर मला कळलं होतं, आणि मी गप्प बसले."

आमोदनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "म्हणजे तुला माहीत होतं, तरी ग्रुपवर लिहिलंस."

"हो," दीपमाला म्हणाली. "म्हणून फोनही मीच करायचा."

पावणेएक वाजले होते. शनिवारी शाळेचं ऑफिस एक वाजता बंद होतं. उत्तरेश्वरचा नंबर तिच्या फोनमध्ये होता, त्याच्यावर तिचं बोट क्षणभर थांबलंही. त्याला फोन केला असता, तर तो "राहू द्या ताई" म्हणाला असता आणि तिचं मन हलकं झालं असतं. तिला आज मन हलकं करायचं नव्हतं. त्याच्याकडं जायचं, पण सोमवारनंतर, शाळेनं त्याला बोलावल्यावर. तिनं शाळेचा नंबर काढला. फोन उचलला, की आधी आपलं पूर्ण नाव सांगायचं, मग अवनीची इयत्ता आणि तुकडी, म्हणजे मागं फिरायला जागा उरणार नाही. मग म्हणायचं, संगीत विभागाच्या बाईंना द्या, तो मेसेज मी लिहिला होता.